तिसऱ्याने धाग्याकडे बघावे

नाव: कुमारी मयुरी भगवान ढेंबरे. वय: सतरा पूर्ण, अठरा अपूर्ण. मूळ गाव: जिल्हा हिंगोली. हल्ली मुक्काम: लिंबायत, सुरत. शिक्षण: बारावी कला, मराठी माध्यम, चालू. व्यवसाय: शाळा सुटल्यावर आईच्या हाताखाली साड्यांचे लोंबते धागे कापणे. ओळखीची खूण: गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कातर, ती फक्त आंघोळीच्या वेळी उतरते. श्रवणशक्ती: उत्तम. आवाज: गरजेपेक्षा मोठा. वर्तणूक: समाधानकारक, कारण कोणी तपासलेली नाही. प्रेमप्रकरण: निरंक. भेटीगाठी: निरंक.

हा तपशील कुठल्याही कचेरीने मागितलेला नाही. मागितला असता तर असाच भरला गेला असता, आणि खाली गोल शिक्का बसल्यावर खरा ठरला असता. त्यातलं बरंचसं खरं आहेही. आवाजाबद्दल तर अख्खी गल्ली शपथेवर सांगेल.

या आवाजाला कारण होतं आणि ते रोज सकाळी डबा घेऊन शहराबाहेर कडोदऱ्याला जायचं. मयुरीचे वडील भगवान, म्हणजे तिचे अण्णा, तिथल्या लूमच्या कारखान्यात कापड विणायचे. पत्र्याच्या पेटीवर शंभर माणसांनी एकदम लोखंडी दांडके आपटत राहावं आणि आपण त्या पेटीच्या आत बारा तास उभं राहावं, अशी ती नोकरी. हिंगोलीहून आले तेव्हा अण्णांना शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू यायचं. आता अंगावर आलेल्या टेम्पोचा हॉर्न ऐकू येत नव्हता. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं होतं आणि कान अगदी स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं.

त्यामुळे ढेंबऱ्यांच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. अण्णांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून ते ओरडत. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मयुरीची आई अनुसया ओरडे. आणि या दोघांत वाढलेली मयुरी दुकानात साबण मागायची तेव्हा दुकानदार दचकून दोन वड्या द्यायचा. 'पोट साफ झालं का?' हा प्रश्न त्या घरातून रोज सकाळी निघे, आणि गल्ली उत्तराची वाट बघे.

यात एक अपवाद होता. रविवारी अण्णांचे कारखान्यातले सोबती घरी येत. ही मंडळी पाय पसरून बसत, चहा पीत, तासभर गप्पा मारत, एकमेकांच्या मांडीवर थापा देत हसत. आणि घरात बशीच्या आवाजाखेरीज काही नसे. मशिनीच्या गोंगाटात आवाजाचा उपयोग नसतो, म्हणून लूमवाले नुसते ओठ हलवतात आणि बघून ऐकतात. सवय पुढे घरापर्यंत येते. मयुरी लहानपणी त्यांच्यात बसून बसून हे वाचायला शिकली, अक्षरओळखीच्याही आधी. माय रागावलेली असली की बापलेक ताटावर समोरासमोर बसून असेच ओठांनी बोलत. पण हे जवळून. हाताच्या अंतरावरून. अण्णांना बोलणं दिसतं ते ताटाच्या रुंदीएवढंच, अशी मयुरीची समजूत होती. ती कधी कारखान्यात गेली नव्हती.

गल्ली सगळी खानदेशी. घराघरांत अहिराणी, चौकात गुजराती, भांडणात हिंदी. मयुरी तिथे 'काय करायलाव?' म्हणाली की पोरी मागून तिची नक्कल करत फिरायच्या. परक्या राज्यात जाऊन आपल्याच भाषेच्या माणसांकडून परकं ठरायचं, ही सोय आपल्या लोकांनी आवर्जून करून ठेवलेली आहे.

वर्गात असं परकं आणखी एक जण होतं. प्रज्ञेश भिवा सरकटे, मूळचा बुलडाण्याकडचा. बोलणं वऱ्हाडी, भिंतीवरच्या तसबिरी गल्लीतल्या इतर घरांपेक्षा वेगळ्या, आणि मुळात बोलणंच अवघड, कारण तो अडखळायचा. अडखळणं म्हणजे थोडंथोडकं नव्हे. हजेरीला 'हजर' म्हणायचं तर पहिलं अक्षर दाराशीच अडून बसे, आणि तोवर योगेंद्र सर पुढच्या चार नावांवरून फिरून आलेले असत. शेवटी सरांनी त्याला हात वर करायची सवलत दिली. थोडक्यात, त्या वर्गात दोन आवाज शिक्षकांना जड जात होते. एक निघत नव्हता, एक थांबत नव्हता.

प्रज्ञेशचे वडील भिवा पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये होते. वाफेने आणि रसायनांनी छाती गेली तेव्हापासून दारातल्या खाटेवर बसून खोकत. खोकून झालं की रुमाल बघत आणि म्हणत, "आज कोणता रंग निघाला पाहू दे." घर सोनाबाईवर चालायचं, म्हणजे प्रज्ञेशच्या आईवर. ती साड्यांवर खडे चिकटवायची आणि मुलगा तिला हातभार लावायचा. उरलेसुरले खडे तो दिसेल त्याला चिकटवी. दप्तराला, सायकलच्या घंटीला, भिवाच्या काठीला. घरातल्या पालीवरही एकदा प्रयोग झाला होता, पण पालीने सहकार्य केलं नाही.

दोन्ही घरांना काम आणून देणारी बाई एकच, इंदुबाई. गठ्ठा आधी अनुसयेकडे धागे कापायला यायचा, मग सोनाबाईकडे खड्यांना जायचा. ने-आण इंदुबाई स्वतः करायची. पण पावसाळ्यात तिचा गुडघा सुजला आणि तिने प्रज्ञेशला पाठवलं.

तो दारात उभा राहिला. दारातच, कारण सरकट्यांकडचं कोणी आलं की गाठोडं उंबऱ्यावरून द्यायचं, आत या म्हणायचं नाही, ही अनुसयेची हिंगोलीहून आणलेली रीत होती. सामानात ती कुठे बांधलेली नव्हती, तरी बरोबर पोचली होती. मयुरीने दार उघडलं. प्रज्ञेशने तोंड उघडलं.

"इ... इ... इ..."

मयुरी वाट बघत राहिली. त्याच्या मानेवरची शीर ताठली.

"आवाज सोड की," ती म्हणाली. "नुसते व्हट हलव. आमच्या घरात चालतंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती चेष्टा करतेय का, हे तपासायला त्याला वेळ लागला, सवयीचा माणूस. मग त्याने आवाज सोडला आणि ओठ हलवले. 'इंदुबाईनं गाठोडं आणाले सांगतलं.'

एका दमात. न अडखळता. बोलून झाल्यावर तो स्वतःच मागे वळून बघू लागला, की हे कोण बोललं.

"अजून बोल," मयुरी म्हणाली.

'काय बोलू?'

"काहीपण."

'तुह्या गळ्यात कातर काहून हाय? कोणाचा गळा कापतं का?'

"तुझा," मयुरी म्हणाली, आणि हसली.

आतून अनुसयेचा आवाज आला, "कोण हाय गं दारात? कामून कोणी बोलंना?"

"कोणी न्हाई माय! गाठोडं न्यायला आलाय!" मयुरीने ओरडून सांगितलं. समोरच्या घरातून इंदुबाईने सूर लावला, "हाई पोर कितली जोरमा बोलस वं माय!" प्रज्ञेश गाठोडं खांद्यावर टाकून निघाला. वळणावर त्याने मागे बघितलं आणि काहीतरी म्हटलं. ते तिला इतक्या लांबून वाचता आलं, याचं तिला दिवसभर नवल वाटत राहिलं.

त्यानंतर गच्च्या सुरू झाल्या. तिच्या चाळीची गच्ची आणि त्याच्या इमारतीची गच्ची यांच्यामध्ये एक ठेंगणी इमारत होती. संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला वर जाई, तो टाकीत पाणी किती आलं ते बघायला. कपडे काढायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागे, आणि पाणीही फार बारकाईने बघितलं जाई. मधल्या गच्चीवर बायका मिरच्या निवडत बसलेल्या असत. सगळा संवाद त्यांच्या डोक्यांवरून जायचा आणि त्यांना शिंकसुद्धा यायची नाही.

फोन होता, नाही असं नाही. दोन्ही घरांत एकेक. ढेंबऱ्यांचा फोन अनुसयेच्या कमरेच्या पिशवीत असायचा. त्याला पासवर्ड नव्हता, अनुसया होती.

बोलणी साधी असत. कुठल्या रंगाच्या साडीला कुठला खडा शोभत नाही. भिवाबाबांना आज किती बरं आहे. तुमच्याकडे काय केलंय, आमच्याकडे काय उरलंय. प्रज्ञेश ओठांनी बोलायला लागला की थांबत नसे. सतरा वर्षांचं साठलेलं होतं. तो विनोद करायचा, सरांची नक्कल करायचा, एकदा तर त्याने इंदुबाईचं आणि तिच्या गुडघ्याचं भांडण दोन्ही बाजूंनी करून दाखवलं. हा मुलगा वर्गात हात वर करून 'हजर' म्हणतो, यावर मयुरीचा विश्वास बसेना. शाळेत मात्र दोघं अनोळखी. तिथे तोंडाकडे बघत राहिलं की लोक कारण विचारतात.

'प्रेम' हा शब्द कधी आला नाही. एक तर तो ओठ मिटून सुरू होतो आणि ओठ मिटून संपतो. प, ब, म लांबून सारखेच दिसतात. असल्या शब्दाचा धोका दोघांनीही पत्करला नाही.

दसऱ्यानंतर शेठने अण्णांना कारखान्याच्या मागची खोली देऊ केली. अनुसया खूश झाली. तिचा जीव कडोदऱ्याच्या हायवेला टांगलेला असायचा. शटल रिक्षा एका बाजूला सोडायची, कारखाना दुसऱ्या बाजूला. मध्ये ट्रकांची रांग, आणि ऐकू न येणारा नवरा डबा घेऊन ती ओलांडतोय. खोली मिळाली तर तो रस्ता सुटला.

"हो म्हणून टाकतो सोमवारी," अण्णा जेवताना म्हणाले, आणि गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मयुरीने गच्चीवरून प्रज्ञेशला सांगितलं. अण्णाही वरच होते, टाकीच्या नळाचा वायसर बदलत. त्यांच्याकडे पाठ करायची गरज तिला वाटली नाही. ताटापेक्षा खूपच लांब होते.

'कडोदऱ्याला गेलो ना,' ती म्हणाली, 'तर मी मरून जाईन.'

प्रज्ञेशचे ओठ पहिल्याच अक्षरावर अडले. त्याच्या बाबतीत ओठांना असं पहिल्यांदाच झालं.

पण सोमवारी रात्रीच्या भाकरीला नवल घडलं. शेठला काय सांगितलं म्हणून अनुसयेने विचारलं, तर अण्णा म्हणाले, "बघू."

'बघू' हा शब्द मराठी घरात वर्षानुवर्षं पुरतो. अनुसया रोज विचारी, अण्णा रोज बघत. दिवाळीच्या तोंडावर एके सकाळी हायवे ओलांडताना टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि जो बाजूला होईल असं त्याला वाटलं तो माणूस बाजूला झाला नाही. आरसा खांद्याला लागला. अण्णा आडवे झाले. गुडघा फुटला, डबा चेपला, बाकी माणूस शाबूत होता. शटल रिक्षातून त्यांना घरी आणलं तेव्हा अनुसयेने आधी रडून घेतलं, मग तोंड सोडलं.

"आता तरी घ्या म्हणा ती खोली! का रस्त्यावरच ऱ्हायचंय? शेठ काय जलमभर वाट बघल व्हय? दुसऱ्या कोणाला देऊन टाकल!"

"बघू," अण्णा म्हणाले आणि गुडघ्यावर हळद दाबून धरली.

मयुरी वर गेली. 'बघूच म्हणाले,' तिने सांगितलं. 'वाचले.'

'कोण वाचलं? अण्णा का तू?'

'दोघं,' ती म्हणाली. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचं थोडं वाईटही वाटत होतं. दुसऱ्या गोष्टीचा तिने फार विचार केला नाही.

मग उत्तरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत, तिथे पतंगांची. त्या दिवशी सुरतेत घरात राहतो तो आजारी. माणसं, पाट, खुर्च्या, उंधियूची पातेली, सगळं गच्चीवर चढतं. प्रत्येक गच्चीवर आपापला स्पीकर आणि प्रत्येक स्पीकरवर वेगळं गाणं. दुपारपर्यंत सगळं शहर बहिरं होतं. शेजारी उभ्या माणसाशी लोक हातवारे करून बोलतात, आणि निम्मं चुकीचं समजतात. त्या दिवशी लिंबायतमध्ये नेहमीसारखे आरामात होते ते एकटे अण्णा.

ते पतंग उडवत होते आणि मयुरी मागे फिरकी धरून उभी होती. डोळ्यांवर गॉगल, बाजारातून नूतनबरोबर जाऊन आणलेला. नूतन म्हणजे वर्गातली तिची एकुलती मैत्रीण. पलीकडच्या गच्चीवर प्रज्ञेश होता, हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती तिकडे बघत नव्हती. अण्णा जवळ असताना सावध राहिलेलं बरं, एवढी अक्कल तिला होती. थोडी उशिरा आली होती.

अण्णा आभाळाकडे बघतच म्हणाले, "उत्तर दे की त्याला."

तिने त्यांच्या पुढे येऊन ओठ हलवले. 'कोणाला?'

"सोनाबाईच्या पोराला. कधीचा बोलायलाय." त्यांनी मान खाली केली, मधली गच्ची ओलांडून पलीकडे क्षणभर डोळे बारीक करून बघितलं आणि पुन्हा दोर ओढायला लागले. "म्हणायलाय, गॉगल काढ. डोळे दिसंनात."

हे ते भर आवाजात म्हणाले. त्याच आवाजात, ज्यात पोटाची बातमी गल्लीला मिळायची. कोणी वळून बघितलं नाही. दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली अनुसया चिक्की फोडत होती. तिनेही बघितलं नाही. चारी बाजूंनी स्पीकर धडधडत होते.

मयुरीच्या हातातली फिरकी थांबली. वर दोर ताणला गेला, आणि शेजारच्या गच्चीवरून पतंग कापल्याची "लपेट!" अशी आरोळी उठली.

"गेला," अण्णा म्हणाले. पतंग हेलकावे खात रेल्वेच्या दिशेने निघाला होता.

'तुम्हाला इतक्या लांबून दिसतंय?'

"कारखान्यात ह्या टोकाचा माणूस त्या टोकाला बोलतो. मधी मशिनी, वर कापसाचं धुकं. हे तर अंगणात हाय."

'मग तुम्ही सगळं...'

"न्हाई, न्हाई." अण्णांनी दोर गोळा करायला घेतला. "कारखान्यात सगळ्याला सगळ्याचं दिसतंय. कोणाचं भांडण, कोणाच्या बायकोचं दुखणं. लपवायचं कुठं? मग एक रीत हाय. दोघं बोलायले, की तिसऱ्यानं धाग्याकडं बघावं. आपल्या धाग्याकडं. जो धाग्याकडं बघत न्हाई त्याच्याशी कोणी बोलत न्हाई."

मयुरीला आठवलं. सुट्टीच्या दिवशी ती वर आली की अण्णा टाकीच्या पलीकडे, तिच्याकडे पाठ करून बसायचे. तिला वाटायचं, दमलेत, गाड्या बघतात.

"एकच वाचलं," अण्णा म्हणाले. "वायसर बदलायलो होतो. मान वर केली अन् तू म्हणायलीस, कडोदऱ्याला गेलो तर मरून जाईन. तेवढंच. मग पाठ केली."

मयुरीने कला शाखा घेतली होती, पण एवढी बेरीज तिला जमली. त्या रात्रीचा बघू. गुडघ्यावर हळद दाबून म्हटलेला बघू. मधल्या प्रत्येक सकाळी ओलांडलेला तो रस्ता, ट्रकांच्या मधून, हॉर्नांच्या मधून, एका वाक्यासाठी. ते वाक्य ती तेव्हाच विसरलीही होती.

'असं म्हणतात, अण्णा. तसं मरत नसतंय कोणी.'

"मला काय म्हाईत? मी ऐकलं थोडंच, बघितलं. तू हसत न्हवतीस."

तिने गॉगल काढला. डोळ्यांना उजेड लागला, असं म्हणायला जागा होती. पलीकडे प्रज्ञेशच्या एव्हाना लक्षात आलं होतं की अण्णा थेट त्याच्याकडे बघत होते. त्याने हातातला पतंग, दोर, फिरकी सगळं सोडलं आणि लांबूनच दोन्ही हात जोडून नमस्कार घातला. त्याचा पतंगही गेला.

'आम्ही कडोदऱ्याला जाणार,' मयुरीने त्याला सांगितलं.

'काहून?'

'रस्ता.'

टेम्पोचं त्याला माहीत होतं. त्याने विचारलं नाही की तू सांगितलं होतंस त्याचं काय, आणि हेही विचारलं नाही की माझं काय. नुसतं 'कधी?' म्हणाला. ते तिला पहिल्यांदा नीट वाचता आलं नाही, कारण डोळ्यांचं म्हणावं तसं जमत नव्हतं. त्याने पुन्हा म्हटलं. मग तोही आभाळाकडे बघू लागला.

मयुरी वळली. अण्णा पाठ करून फिरकीकडे बघत होते. फिरकीवर बघण्यासारखं काही नव्हतं. तिने त्यांच्या खांद्यावर बोट टेकवलं.

'अण्णा, शेठला हो म्हणा.'

"बारावी?"

'तिथून देईन.'

अनुसया चिक्कीचं ताट घेऊन आली. "काय चाललंय बापलेकीचं?" तिने स्पीकरच्या वर आवाज काढून विचारलं.

"काही न्हाई!" दोघं एकदम ओरडले.

महिना संपताना सामान निघालं. लोखंडी कपाट जिन्यावरून उतरेना, म्हणून इंदुबाईने प्रज्ञेशला पाठवलं. तो उंबऱ्याशी येऊन सवयीने थांबला. अनुसयाही सवयीने आडवी उभी राहिली. पण कपाट आत होतं आणि उंबऱ्यावरून कपाट उचलता येत नाही. ती बाजूला झाली. कपाट खाली टेम्पोत चढलं, प्रज्ञेश घाम पुसत वर दोरी न्यायला आला, तेव्हा अण्णांनी घरातून हाक दिली, "अनुसया! त्याला पाणी दे! आपल्या तांब्यातलं दे!"

त्या दिवशी स्पीकर नव्हते. ते सगळ्या गल्लीने ऐकलं. अनुसयेने एकदा नवऱ्याकडे, एकदा दाराबाहेर जमलेल्या बायकांकडे बघितलं, आणि तांब्या भरला. प्रज्ञेश आत उभा राहून पाणी प्यायला. ते संपवायला त्याला बराच वेळ लागला.

टेम्पो सुरू झाला. मयुरी मागे, गाठोड्यांवर. प्रज्ञेश फळीला धरून उभा होता. त्याने ओठ मिटले आणि, का कोण जाणे, आवाज लावला.

"म... म... म..."

लोक थांबले. एक मुलगी हसली. मयुरीला ते केव्हाच कळलं होतं, पहिल्या अक्षरातच; तरी ती वाट बघत राहिली, जसं काही पुढे काय येणार याचा तिला पत्ताच नव्हता. इंदुबाईच्याने राहवेना. "बोल रे भाऊ, टेम्पो निंघी चालना!"

"...मयुरी," तो म्हणाला. तेवढंच. पूर्ण.

आणि जिच्या आवाजाने दुकानदार दचकायचा, तिने उत्तर दिलं ते नुसत्या ओठांनी. ते वाचू शकणारी माणसं त्या गल्लीत दोनच होती. त्यातलं दुसरं माणूस कपाटाला बांधलेल्या दोरीची गाठ तपासत होतं.

कडोदऱ्याच्या खोलीवर पत्रा आहे, गच्ची नाही. भिंतीपलीकडे लूम दिवसरात्र चालतात, त्यामुळे आता अनुसयाही ओठांनी बोलायला लागली आहे. रागावली तरी शांतता असते. अण्णा दारातून निघून कारखान्याच्या दारात पोचतात. मध्ये एक शेळी बांधलेली असते, तिच्यापलीकडे धोका नाही.

लिंबायत इथून इतकं जवळ आहे की त्याचं दुःख करायलाही लाज वाटावी. लोक रोज जाऊन येतात. पण जायला कारण लागतं, आणि तिच्याकडे जे होतं ते मायला सांगण्यासारखं नव्हतं. प्रज्ञेशचं परीक्षेचं केंद्र वेगळं निघालं. एकदा नूतन कडोदऱ्याला आली तेव्हा तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. पत्र्याखाली रेंज कमी. प्रज्ञेशचं तोंड एका अक्षरावर उघडं राहून अडकलं. सगळी दुनिया अशा वेळी आवाजावर भागवते. त्याचाही आवाज त्याच अक्षरावर अडकला. नूतन म्हणाली, "नेटवर्क खराब आहे," आणि फोन ठेवून दिला.

मग परीक्षा झाल्यावर, एका रविवारी दुपारी, मयुरी भाजी घेऊन हायवेच्या कडेने येत होती. पलीकडे शटल रिक्षातून कोणीतरी उतरलं. त्याच्या दप्तरावर काहीतरी लखलखलं. उन्हात खडे फार लांबून दिसतात.

ती थांबली. तोही थांबला. मधून ट्रक चालले होते. दोन ट्रकांच्या मध्ये त्याचं तोंड दिसे, तेवढ्यात एखादा शब्द येई. 'बाबाले...' मग कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक. '...बरं हाय.' मग टँकर. 'तुह्याशिवाय...' आणि त्यानंतर लांबच्या लांब कंटेनर, संपेचना. तो गेला तेव्हा प्रज्ञेशचं वाक्य संपलेलं होतं. काय ते तिने पुन्हा विचारलं नाही. मधला भाग तिने तेव्हापासून बऱ्याच प्रकारे भरून बघितला आहे.

मग प्रज्ञेशने इकडे-तिकडे बघितलं आणि एक पाय रस्त्यावर टाकला.

'नको,' मयुरी म्हणाली. हातातली भाजी खाली ठेवून तिने दोन्ही तळवे पुढे धरले. 'ओलांडू नको. इथं न्हाई. कोणीच ओलांडायचं न्हाई.'

त्याने पाय मागे घेतला. दोघं ऊन उतरेपर्यंत तशीच उभी होती. कारखान्याच्या दारात अण्णा येऊन थांबले, आणि शेळीच्या दाव्याकडे बघत राहिले. शेवटी पलीकडून रिक्षा सुटली.

तो अजूनही येतो, सोनाबाईचं काम नसलेल्या रविवारी.

तेव्हा वरच्या तपशिलात फेरफार एवढाच. हल्ली मुक्काम: कडोदरा. स्थलांतराचे कारण: वडिलांची नोकरी. ओळखीची खूण: पूर्ववत. आवाज: कमी झाल्याचे आढळते. प्रेमप्रकरण: निरंक. भेटीगाठी: निरंक.

हायवे तिथे सहापदरी आहे.